शेवटचं ताट

“पुष्पांजली, तू रोज सगळ्यांच्या शेवटी कायले जेवतेस?”

प्रश्न दामिनीच्या तोंडून आला, पण तो तिथं घातला होता तिच्या मैत्रिणीनं, रीनानं. हिंमत असन तं आज निवडणुकीच्या भर सभेत विचारून दाखव, अशी सकाळीच पैज लागली होती. उरलेली खिचडी डब्यात भरून पुष्पांजली टोलीवर, गावाबाहेरच्या वस्तीत, घरी नेते, असं रीनाच्या कानावर आलं होतं. ते एकदा सगळ्या शाळेसमोर उघडं पडलं, की उद्याचं मतदान दामिनीनं जिंकल्यातच जमा.

शाळेच्या मुख्यमंत्रिपदासाठी आठवीतल्या या दोघीच उभ्या होत्या. खिचडी वाढणं, पुस्तकं देणं, खेळाचं सामान वाटणं, सगळं वाटप त्या पदाकडं. गेल्या सालापासून जेवणाचं काम पुष्पांजलीकडंच होतं. दामिनीनं सडक अर्जुनीच्या भाषण स्पर्धेत बक्षीस मिळवलं होतं आणि तेव्हापासून ती कोणालाच भीत नव्हती. पोस्टरसाठी तिनं कोहमाऱ्याहून चमकीचा कागद आणवला होता. जेवणाच्या ओळीतही ती आता धक्के देत पहिली उभी राहायची.

आणि तरी पहिलीची लेकरं पुष्पांजलीचं बोट सोडत नव्हती. ती धड मोठ्यानं बोलतसुद्धा नव्हती. तेल चोपडलेली एक वेणी, पायात झिजलेली चप्पल, बस. एवढं चालून गेलं असतं. पण मागच्या महिन्यात तलावाची पाळ झिरपतेय, हे शाळेत येताना हिनंच पाहिलं आणि धावत जाऊन दामिनीच्या बाबांना सांगितलं. त्या रात्री बाबा जेवताना म्हणाले, पोरगी असावी तं अशी. समोर स्वतःची पोरगी बसली होती. ते दामिनी अजून विसरली नव्हती.

व्हरांड्यातली पोरं पुष्पांजलीकडं वळली. रीनानं तोंडावर ओढणी धरून हसू दाबलं. पुष्पांजली उभी राहिली. तिला प्रश्नात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

“वाढाले मीच उभी राहते ना. मी आधी बसली तं मागच्याले किती उरलं, ते कसं समजन? शुक्रवारी एक अंडं कमी पडलं. मी आधी खाल्लं असतं तं पहिलीचा पिंटू तसाच उठला असता.”

पिंटूनं जोरात मान हलवली. पोरं हसली, आणि त्या हसण्यात रीनाची पैज कुठल्या कुठं वाहून गेली.

पण स्वयंपाकघराच्या दारातून जमुनाबाई पुढं आली. अंडी तिनं स्वतः मोजून उकडली होती, पोरं तितकीच होती, कमी पडायचं कारणच नव्हतं. देवानंद सरांनी पुष्पांजलीला विचारलं, मग गेलं कुठं?

पुष्पांजलीनं एकदा दामिनीकडं पाहिलं. फक्त एकदा.

“मोजण्यात चुकलं असन, सर.”

जमुनाबाई पुटपुटत आत गेली. आपल्यावर आळ आला, हे तिच्या पाठीवरूनही दिसत होतं. सरांनी मग उद्याचं समजावून सांगितलं. मोबाइलवर दोघींचे फोटो राहतील, एकेकानं आत जायचं, एक बटण दाबायचं. कोण जास्त आवडते ते पाहू नका, आपल्या वाट्याचं कोणाच्या हाती सोपवता येईल ते पाहा. तुम्ही काय दाबलं ते कोणालाही दिसणार नाही.

कोणालाही दिसणार नाही, हे ऐकून दामिनीची नजर पिंटूकडं गेली.

घरी जाताना रीना दुसरी युक्ती सांगत होती. दामिनीला काही ऐकू येत नव्हतं. तिला नुसता राग येत होता. पुष्पांजली बोलली असती तं बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. आता ती गप्प राहण्यातही दामिनीच्या पुढं निघून गेली होती.

संध्याकाळी बाबा तलावावरून आले, गुडघ्यापर्यंत चिखल. तिचे बाबा, उमराव, गावचा पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी सगळ्यांच्या बांध्यांना, धानाच्या शेतांना, वाटून देणारा माणूस. यंदा पावसानं दडी मारलेली, म्हणून सारं गाव पाण्याच्या पाळीची वाट पाहत होतं. आईनं, शांतीबाईनं, ताट वाढता वाढता रोजचंच विचारलं, आज तरी आपल्या धानाले पाणी लागलं का? उमराव म्हणाला, परवा, सगळ्यांचं झाल्यावर. सगळ्या गावचं धान हिरवं अन् पाणकराचं पिवळं, असं म्हणत तिनं वरणाची पळी आपटली.

इतकी वर्षं दामिनी आईच्याच बाजूनं बोलायची. आज ती बाबांच्या पायांवरच्या वाळत्या चिखलाकडं बघत राहिली.

“उद्या निवडून येशीन ना वं?” आईनं विचारलं.

“उद्या माझं मत पुष्पांजलीले.”

उमरावचा हात ताटातच थांबला. “मंग तू उभी कायले राहिली?”

“मी माघार नाही घेत. अन् बाबा, ती हरावी असं मले अजूनही वाटते.” दामिनीनं ताट पुढं सरकवलं. “पण शुक्रवारी कमी पडलेलं अंडं माझ्याच ताटात होतं, दुसरं. तिनं पाहिलं होतं. उद्या मत देण्याआधी ते मी जमुनाबाईले सांगणार हाव, सगळ्यांसमोर.”