नववा होकार

पातेल्याच्या तळाला जळलेल्या दुधाचा थर साधारण दोन मिलिमीटर जाड होता. कडेला तपकिरी, मधोमध काळा, आणि आता तिसऱ्या दिवशी त्याला बारीक तडे गेले होते. मुलीने वाकून नीट पाहिलं. कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

दूध तिनेच जाळलं होतं, शुक्रवारी, कॉलेजला पळायच्या घाईत. पातेलं सिंकमध्ये तसंच सोडलं ते मात्र मुद्दाम. आई किती दम धरते, ते तिला बघायचं होतं.

घर विद्यार्थ्यांचं होतं, सहकारी. नऊ जण मिळून ते चालवत, भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे रांधत, झाडत. एक नियम कडक होता : आपलं काम आपणच करायचं. दुसऱ्याचं केलं, तर करणारा आणि करवून घेणारा, दोघांच्याही वाट्याला आठवडाभर बाथरूम. आई महिन्यापूर्वी इथे पाहुणी म्हणून आली आणि त्याच संध्याकाळी तिने लेकीचा कप विसळून ठेवला. मग आठवडाभर मायलेकी फरशी घासत होत्या. आई मजेत, मुलगी दातओठ खात.

आज रविवार. अकराला बैठक. नव्या माणसाला घरात घ्यायचं, तर नऊही जणांनी तोंडाने 'हो' म्हणायचं, आणि कारण सांगायचं. आठ जण केव्हाचे तयार होते. मुलगी दोन रविवार "पुढच्या वेळी बघू" म्हणून वेळ मारून नेत होती.

आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गणितं सोडवत बसली होती. वीस वर्षांपूर्वी अर्धवट सुटलेल्या पदवीचं हे शेवटचं वर्ष. घरून यायचं म्हटलं, तर रोजचे पाच तास बसमध्ये जात.

"तिसरा दिवस," आई मान वर न करता म्हणाली. "पातेल्याचा."

"माहितेय मला."

"परीक्षा घेतेयस ना माझी? अगं, हात नुसते शिवशिवतायत. काल चहा करताना त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले."

मुलीने हसू दाबलं. "बाथरूमला घाबरलीस."

"बाथरूमला कसली घाबरतेय? तुला घाबरले."

मुलीने नळ सोडला. पाणी थरावरून नुसतंच घरंगळलं. "आई, खरं सांगू? तू इथे आलीस, की मी परत घरी गेल्यासारखी होईन."

"आणि मी घरातून बाहेर पडल्यासारखी." आईने पेन खाली ठेवलं. "हे बघ, नाही म्हणायचं असेल, तर आज सरळ नाही म्हण. मी दुसरी जागा शोधीन. बाबांनासुद्धा तेच सांगितलंय. मी शिकणार हे ठरलंय, ते काही तुझ्यावर अडलेलं नाही. पण असं लोंबकळत ठेवू नकोस बाई. बैठकीच्या खोलीतल्या त्या घडीच्या खाटेने पाठीचा भुगा केलाय."

तिने पेन उचललं. मुलीने बाह्या वर केल्या आणि नखाने थर खरवडून पाहिला. हलेना.

"आई, ती तारेची घासणी दे ना."

खुर्ची सरकली. घासणी हातात आली. आई परत जाऊन बसली, ओळींवरून बोट फिरवत पुटपुटली, "कुठे होते मी...", आणि अर्ध्यावर आलेलं गणित पहिल्यापासून करायला लागली.

मुलगी तशीच उभी राहिली. घासणी खिडकीच्या कट्ट्यावर होती, तिच्या स्वतःच्या हातापासून वीतभर अंतरावर. टेबलापासून तिथवर आईला सात पावलं चालावं लागलं होतं.

ती सकाळपासूनचं आठवू लागली. टॉवेल. चार्जर. "दार ओढून घे गं." आणि आता घासणी. आई चारही वेळा उठली होती. यात नियम कुठेच मोडला नव्हता. कप विसळला, तर तो विसळलेला दिसतो. याला तक्त्यात रकानाच नव्हता.

तिने पातेलं घासायला घेतलं. लख्ख व्हायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात दोनदा काहीतरी मागायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं.

बैठकीच्या खोलीत आजोबा वही घेऊन बसला होता. तो घरातला सगळ्यांत जुना विद्यार्थी. सहा वर्षं एकच प्रबंध लिहीत होता, म्हणून केस काळे असतानाच हे नाव पडलं होतं.

"तिसऱ्यांदा विचारतोय," तो म्हणाला. "चौथी वेळ आणू नका. तोवर माझा प्रबंध पुरा व्हायचा."

"मग आणूच," कुणीतरी म्हणालं, आणि खोलीभर हशा झाला.

होकार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

"हो. टाकीचा नळ त्यांनी बदलला. आम्ही तीन महिने नुसते बघत होतो."

"हो. भांडतात, पण मुद्द्याला धरून."

"हो. घोरत नाहीत."

"घोरते," आई म्हणाली. "तुझी झोप गाढ आहे."

आठ झाले. सगळ्यांनी मुलीकडे पाहिलं. आईने पाहिलं नाही. ती खाटेच्या कडेला ताठ बसली होती, वही मांडीवर, आणि तिच्या चेहऱ्यावर विनवणीचा मागमूस नव्हता. आज काहीही ठरलं, तरी उद्या तासाला जायचंच, असं ते बसणं होतं.

"हो," मुलगी म्हणाली.

आजोबाने पेन वहीवर टेकवलं. "कारण?"

"वरची कोपऱ्यातली खोली रिकामी आहे," ती म्हणाली. "तिथवर माझी हाक ऐकू जात नाही."