वाकडं जुळलेलं हाड

कोठी भागातल्या कॉलेजात सीनियरकडून विकत घेतलेली हाडं शिवानीने तारनाक्याच्या घरी चटईवर मांडली. मेडिकलच्या पहिल्या वर्षातली तिची मैत्रीण रेणू अभ्यासाला आली होती. तिची नवी मारुती खाली उभी होती. शिवानीची आजी भागूबाई चहा ठेवून वळली.

“या कोण?” रेणूने विचारलं.

“कामाला असतात,” शिवानी बोलून गेली, आणि तिचे कान तापले. आजी अजून दारातच होती. ती आत गेली.

रेणूने गळ्याखालचं आडवं हाड उचललं. “हे मोडून वाकडं जुळलंय बघ. मधे गाठ आहे, हौ ना?” तिने गाठीवर नख टोकरलं, तशी स्वयंपाकघरात आजी कळवळली.

तरुणपणी विटा वाहताना आजीचं हेच हाड मोडलं होतं. लहानपणी कुशीत झोपताना शिवानीने ती गाठ कितीदा चाचपली होती.

“नको टोकरू,” ती म्हणाली. रेणूने हसून पुन्हा टोकरलं. आतून पुन्हा कण्हणं आलं.

“काय झालं त्या बाईला?” म्हणत रेणूने कवटी घेतली, स्प्रिंगा सोडवल्या आणि खालचा जबडा मांडीवर ठेवला.

शिवानीला आता स्वतःचीच लाज सोसवेना. “बाई नाही गं, माझी आजी आहे ती,” ती म्हणाली, आणि तिने हाक मारली, “आजी, बाहेर ये. रेणूशी बोल जरा.”

आजी लगेच दारात आली. नाकाखालचा चेहरा तिने पदराने घट्ट झाकून धरला होता. ती नुसती मान हलवत राहिली, आणि तिचे डोळे रेणूच्या मांडीकडे लागले होते.