कालचं मटण

कालचं उरलेलं सुकं मटण ग्रेस हाडांवरून सोडवत होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातूनच कडाडल्या, "तेच आज पुन्हा आमच्या ताटात?"

"शेफर्ड्स पाय हा इंग्रजी पदार्थ उरलेल्या मटणाचाच करतात, आई. माझी आजी तो मिशनच्या बंगल्यावर गोऱ्या मडमेकडून शिकली होती."

"साहेबांची असली थेरं तुमच्या नगरला! इथे नाही."

ग्रेसनं राग गिळला. मटण बारीक चिरून, कांदा-गाजरासोबत परतून तिनं भांड्यात थापलं, वर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर लिंपला, काट्यानं रेघा ओढल्या. ओव्हनमधून भांडं बाहेर आलं तेव्हा रेघांचे काठ सोनेरी, कुरकुरीत झाले होते.

सासूबाईंनी वाढायच्या आधीच ताट ढकललं. "माझ्या सासूनं मला जन्मभर शिळं घातलं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तळाशी उरेल ते. तेव्हाच ठरवलं, मी सासू झाले की या घरात शिळं कुणी खायचं नाही."

"आणि मी वर्षभर सगळ्यांच्या मागून काय खातेय?"

ग्रेसनं मधला सोनेरी तुकडा कापला, स्वतःच्याच ताटात घेतला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी जेवायला बसली.