सेवा शुल्क

लालबागच्या चाळीतल्या खोलीत दीपक लग्नपत्रिका डिझाइन करायचा. इंटरनेटच्या बिलात तिसऱ्यांदा ‘सेवा शुल्क’ घुसलं होतं. भरलं नाही, तर संध्याकाळी लाइन कापणार होते. धंदाच बसला असता.

“कसली सेवा?” कस्टमर केअरच्या मुलीवर तो फोनवरून ओरडला. “नाव सांगा तुमचं! तक्रार करून नोकरीच घालवतो!”

तेवढ्यात गॅलरीतून गंगूबाईंनी नळ आल्याची हाळी दिली, “पाणी इलां गो!”

तीच हाळी त्याला फोनमधूनही ऐकू आली.

दीपकने शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. घरबसल्या करायची नोकरी लागली, म्हणून परवाच भिंतीपलीकडच्या अनुजाने पेढे दिले होते. “काका, आशीर्वाद द्या,” म्हणाली होती.

फोनमधून तिचा आवाज आला.

“नाव लिहून घेताय ना, सर?”