सातवा व्हिडिओ

आईच्या फोटोला फ्रेम करायची म्हणून बहीण दादाच्या घरी लॅपटॉपवर जुने फोटो चाळत बसली होती. दादाच्या वायफाय राउटरच्या पोटातच डिस्क होती, घरातल्या सगळ्या फोनमधलं सगळं आपोआप तिथे साठायचं. "फोनमधून उडवलं तरी यातून जात नाही," असं तो येईल त्याला मोठ्या तोऱ्यात सांगायचा.

आजारी आईला चमच्याने पाणी पाजतानाचा त्याचा व्हिडिओ तिथे होताच. तो बघून सगळ्या नातेवाइकांनी डोळे पुसले होते. पण इथे त्याच्याआधीचे आणखी सहा निघाले.

पहिल्यात आईने आ केला, चमचा ओठांपर्यंत आला आणि दादा म्हणाला, "थांब, उजेड नीट नाहीये." दुसऱ्यात, "आई, जरा इकडे बघ ना." आई दर वेळी आ करायची आणि चमचा दर वेळी माघारी जायचा.

सहाही बघून बहिणीने तो सगळ्यांनी बघितलेला सातवा पुन्हा लावला.

तेवढ्यात दादा आत आला. "अगं, त्या पाण्याच्या व्हिडिओतलाच फोटो घे. शेवटचा घोट माझ्या हातचा होता तिचा."

तिने सातवा व्हिडिओ मोठा करून त्याच्यापुढे सरकवला.

"दादा, चमच्यात पाणी कुठंय?"