काठोकाठ

डोळे गेल्यापासून शिंपीकाका कुठल्याच उपकरणाला हात लावत नव्हते. अंधांसाठीच्या संस्थेतली बाई पिशवीभर वस्तू घेऊन आली. बोलणारं घड्याळ, घडीची काठी, सगळ्याला काकांचा नन्नाचा पाडा. "अहो, एक तरी घ्या!" काकू वैतागल्या. शेवटी बाईनं कपाच्या काठावर चिमुकलं यंत्र अडकवलं. "कप भरला की ओरडतं. बोट बुडवून बघायला नको." काकूंनी नेहमीसारखा चहा ओतला. "घ्या, काठोकाठ भरलाय." यंत्र गप्प. "सेल संपला वाटतं," बाई ओशाळली. काका चाचपत किटली उचलून स्वतःच ओतू लागले. बराच वेळ धार पडत राहिली, मग यंत्र किंचाळलं. "जन्मभर लोकांची मापं घेतली," काका म्हणाले, "आणि घरातच मापात पाप! हे ठेवून जा. साखरेसाठीही असलं काही मिळतं?" "बोलणारा वजनकाटा आहे ना!" बाईचा हात पिशवीत असतानाच काकूंनी चेन ओढली.