करपलेली कवचं

"बाबा, मास्तरणीनं आज पण खाल्लं!"

मुलगा परसातून ओरडतच आला. ओंजळीत फुटकी कवचं, बोटं बलकानं पिवळी.

"आईनं लाडावलीय," म्हातारा घड्याळजी डोळ्याचं भिंग न काढता म्हणाला. "डोक्यावर बसणारच."

मास्तरीण म्हणजे त्याच्या वारलेल्या बायकोच्या कोंबड्यांमधली शेवटची. मुलगा बोटीवर कामाला, एकदा गेला की वर्षभर गायब. सुट्टी संपली होती, पण गडी अडून बसला होता. "तिची ही अंडी खायची खोड मोडतो, मगच जातो."

चार दिवस उपाय चालले होते. खुराड्याला पडदा लावून अंधार केला. शिंपल्यांचा चुरा ठेवला. संध्याकाळी मुलानं आईसारखी कवचं भाजून मास्तरणीला चारायला तव्यावर टाकली.

"बारीक कूट रे. कवच ओळखू आलं की चटक लागते, म्हणायची ती."

"आणि चुना कमी पडला की कवच पातळ. पाठ आहे मला."

गप्पांत कवचं करपली. कडा तपकिरी झाल्या.

"आईनं लाटणं फेकून मारलं असतं," मुलगा म्हणाला. दोघं खूप हसले. अर्धी कुटली, अर्धी वाटीत राहिली. खलबत्त्याचा तो आवाज घरात दोन वर्षांनी घुमला. म्हातारा हातातलं घड्याळ ठेवून नुसता ऐकत बसला.

तेवढ्यात मुलाला बोटीच्या ऑफिसचा फोन आला. "हो साहेब. उद्या नक्की कळवतो."

मास्तरीण बिचारी गाईसारखी गरीब. चार दिवस पहाटे अंगठ्यानं अंडं फोडत होता म्हातारा स्वतः. पण पोराची नोकरी गेली म्हणजे? बास झाली थेरं.

सकाळी त्यानं खुराड्यातलं अंडं अख्खं उचललं, खिशात घातलं. पोर उठलं की हातावर ठेवायचं. सुधारली बघ, जा आता.

तो चहा ठेवायला वळला, तर मुलगा परसातून आत.

"बाबा, आज पण खाल्लं! आता कसा जाऊ मी? राहावंच लागणार."

त्यानं तुकडे टेबलावर ठेवले आणि तोंड फिरवून कप शोधायला लागला.

म्हाताऱ्याचा एक हात खिशातल्या कोमट अंड्यावर होता. दुसऱ्या हातानं त्यानं भिंग डोळ्याला लावलं.

कवचं कोरडी ठणठणीत होती, आणि कडा तपकिरी.